बागेतला राखणदार, बोटीवरचा खलाशी आणि सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. रत्नागिरीजवळचे एक आंबा बागायतदार आपले नियमित श्रोते आहेत, त्यांचा मेसेज आला. थोडक्यात असा : “आमच्याकडे दोन नेपाळी गडी आहेत. त्यातल्या एकाला गुप्तरोगाचं दुखणं आहे असं वाटतं. तो मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणून खातो. त्याला सरकारी दवाखान्यात नेलं तर घेतील का? आधार कार्ड नाहीये त्याच्याकडे.”

उत्तर आधीच सांगून टाकतो. घेतील. घ्यायलाच हवं. तपासणी फुकट, औषध फुकट, आणि एचआयव्ही निघाला तर जन्मभराच्या गोळ्यासुद्धा फुकट. तो भारताचा नागरिक नाही म्हणून नाही म्हणता येत नाही.

मग भाग इथेच संपायला हवा होता. पण मी दोन-तीन आठवडे याच्या मागे लागलो, समुपदेशन करणाऱ्या एका ताईंशी बोललो, कायदा वाचला, आणि लक्षात आलं की हक्काची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ आहे. अडतं ते भलतीकडेच. ते कुठे, हे सांगायला हा भाग.

आधी दोन गोष्टी. मी डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे औषध काय घ्यायचं हे मला विचारू नका. यंत्रणा कशी चालते आणि कुठे अडकते, एवढंच मी बघतो. दुसरं म्हणजे मी पोफळीचा. पोफळी म्हणजे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, कोयनेच्या वीजघराचं गाव. १९५४ साली कोयना प्रकल्पाचं काम सुरू झालं, १९६२ पासून डोंगराच्या पोटातल्या वीजघरातून वीज यायला लागली. बोगदे खणायला, यंत्रं बसवायला कुठून कुठून माणसं आली. आमची वसाहतच बाहेरून आलेल्यांची आहे. ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच भेटीत विचारायचे, त्यात काही खोच नसायची. आणि उलट बाजूने बघा, कोकणातल्या कुठल्या घरातला माणूस मुंबईला गेला नाही? गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे आपलेच आजोबा-पणजोबा होते. तेव्हा ‘परप्रांतीय’, ‘परदेशी’ वगैरे शब्द वापरताना आपण जरा दमाने घेऊ.

तर, नेपाळी माणूस इथे येतो कसा? ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, कामधंदा करायची, फिरायची मोकळीक आहे. व्हिसा नाही. सरहद्द चालत ओलांडता येते. त्यामुळे रत्नागिरीत हापूसची कलमं राखायला नेपाळी, मिरकरवाड्याला बोटीवर खलाशी नेपाळी, चिपळुणात चायनीजच्या गाडीवरही नेपाळी. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ‘स्थलांतरित’ म्हटलं की परराज्यातल्या कामगारांइतकाच परदेशी माणूसही आला, फक्त तो आपल्याला परदेशी वाटत नाही. आणि सरकारी फॉर्मला मात्र वाटतो.

आता कायदा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात ‘नागरिक’ असा शब्द धरून हक्क दिलेले नाहीत. शब्द आहे ‘संरक्षित व्यक्ती’. म्हणजे एचआयव्ही असलेली व्यक्ती, तिच्याबरोबर राहणारी व्यक्ती. कुठल्या देशाची, हे विचारलेलं नाही. राज्यघटनेतलं २१ वं कलम, जगण्याच्या हक्काचं, तेही ‘व्यक्ती’ला आहे; सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा लोकांच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. या २०१७ च्या कायद्याचं तिसरं कलम म्हणतं की एचआयव्हीवरून कोणीही भेदभाव करायचा नाही. नोकरीवर ठेवण्याआधी तपासणीची अट घालायची नाही, निघालं म्हणून कामावरून काढायचं नाही. पाचवं कलम म्हणतं, माणसाला समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही. आठवं म्हणतं, त्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती दुसऱ्याला सांगायची नाही. बागायतदार मंडळींनी हे जरा लक्ष देऊन ऐका. ‘कोणीही’ म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे. दोन गडी ठेवणारा बागवालाही त्यात येतो.

याची महाराष्ट्रातली एक जुनी पायरी आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचा खटला चालला. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीने एचआयव्ही निघाला म्हणून त्याचं काम बंद केलं होतं. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि नाव गुप्त ठेवून खटला चालवायची मुभाही दिली, त्यामुळे कागदोपत्री तो ‘एमएक्स’ आहे आणि कंपनी ‘झेडवाय’. कामगार कायमसुद्धा नव्हता, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

बरं, दवाखान्यात नेमकं काय मिळतं? गुप्तरोगांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. लक्षणं बघून डॉक्टर औषधाचं तयार किट देतात आणि किटला रंग असतात. लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी. अंगावरून पांढरं जात असेल, खाज असेल तर हिरवं. जखम असेल तर पांढरं, त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन; पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं. नागिणीसारखे बारीक फोड असतील तर लाल. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, जांघेत गाठ असेल तर काळं. मला हा प्रकार भयंकर आवडला. चांगलं इंटरफेस डिझाइन म्हणतात ते हेच! औषधाचं नाव वाचता आलं नाही तरी चूक होऊ नये अशी सोय.

आणि मेडिकलमधून गोळ्या आणून का भागत नाही, हेही इथेच सांगतो, कारण मूळ प्रश्नात ते आहे. सिफिलिस नावाचा जो आजार आहे, आपल्याकडे गरमी म्हणतात, त्याची पहिली जखम बहुतेक वेळा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. काहीही औषध न घेता. माणसाला वाटतं गोळी लागू पडली. आजार मात्र आत तसाच असतो, आणि बायकोला, पुढे पोटातल्या बाळाला जातो. सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, चोवीस लाख युनिटचं, पुरतं. एक! आणि तो माणूस मेडिकलवाल्याला दर महिन्याला पैसे देत बसतो.

एचआयव्हीची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते, पण तिथे ती पहिली चाळणी असते. संशय आला की पक्कं करायला आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जायचं, तिथे तीन वेगवेगळ्या पद्धतीच्या चाचण्या करतात. मग गोळ्या सुरू करायला एआरटी केंद्र. २००४ च्या १ एप्रिलपासून या गोळ्या सरकारकडून मोफत मिळतात, सुरुवात झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर तब्येत ढासळायची वाट बघायची नाही, निदान झालं की लगेच गोळ्या सुरू. रोज एक गोळी. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे आता जगभर मान्य झालेलं आहे आणि आपल्याकडे अजून पुरेसं कोणी मोठ्याने सांगत नाही.

आता पोफळीतून हिशोब करू. चिपळूण वीसेक किलोमीटर. कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय चिपळूणच्याही पुढे, हायवेवर. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरच्या वर. एसटी वेळेवर मिळाली तरी रत्नागिरीला जाऊन यायला अख्खा दिवस. रोजंदारीच्या माणसाचा एक दिवस म्हणजे एक हजेरी. चाळणीला एक हजेरी, पक्कं करायला एक, नोंदणीला एक. आणि प्रत्येक वेळी मुकादमाला किंवा मालकाला कारण सांगायचं. कुठे जातोस? कशाला? परत कशाला?

इथे मला माझ्या मावशीच्या यजमानांची गोष्ट सांगायची आहे. काकांची पावसजवळ कलमं आहेत. मागच्या हंगामात त्यांच्याकडचा राखणदार आजारी पडला, काका त्याला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले. चांगल्या मनाने गेले. मला फोनवर सांगत होते :

“अरे, त्याला मराठी येत नाही, हिंदी मोडकंतोडकं. म्हणून मीच त्याच्याबरोबर आत शिरलो. तर त्या बाई म्हणतात, तुम्ही बाहेर बसा. म्हटलं, माझाच माणूस आहे, खर्च मी करतोय.”

“मग?”

“बसलो बाहेर. राग आला होता जरा.”

“काका, त्यांनी बरोबर केलं. तुम्ही त्याचे मालक.”

“ते आता कळतंय रे. पण मग त्याला समजावणार कोण?”

काकांचा हा शेवटचा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. मालक आत बसला तर माणूस खरं बोलणार नाही. मालक बाहेर बसला तर भाषा नाही. समुपदेशक ताईंनी त्यांचा उपाय सांगितला : त्यालाच विचारायचं की तुझ्या ओळखीचा, तुझ्या विश्वासातला, हिंदी-नेपाळी दोन्ही येणारा कोण आहे, आणि त्याची हरकत नसेल तर त्याला फोन लावून स्पीकरवर घ्यायचं. निवड त्याची. गावातलाच माणूस शक्यतो नको, कारण गोष्ट त्याच्या घरी आधी पोचते. नाकोचा १०९७ हा फुकट नंबर आहे, चोवीस तास, हिंदीत आणि प्रादेशिक भाषांत बोलतात. नाव सांगावं लागत नाही. ज्याला हिंदी बऱ्यापैकी येतं त्याने आधी तिथे बोलून घेतलं तर दवाखान्यात निम्मं काम झालेलं असतं.

भाषेनंतर नाव. आपण सगळ्या नेपाळ्यांना ‘बहादूर’ म्हणतो. मला हे आधीपासून खटकायचं, पण त्याचा तांत्रिक परिणाम काय होतो हे आत्ता कळलं. मालक केसपेपर काढतो, नाव सांगतो बहादूर, आडनाव थापा, पत्ता बागेचा, मोबाइल मालकाचा. पुढच्या हंगामात तोच माणूस बोटीवर जातो, दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या नावाने दुसरा केसपेपर. यंत्रणेच्या दृष्टीने एक माणूस उपचार सोडून गेला आणि एक नवीन आला. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल, प्रायमरी की म्हणून तुम्ही अशी गोष्ट निवडली जी दर सहा महिन्यांनी बदलते. आणि रिपोर्ट तयार आहे म्हणून फोन केला तर उचलणार कोण? मालक!

नाकोने यावर काम केलंय, हेही सांगायला हवं. ‘सोच’ नावाची त्यांची प्रणाली आहे, तिच्यात प्रत्येक रुग्णाला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो देशातल्या दुसऱ्या केंद्रातही चालतो. बदली करून घेता येते. प्रवासात असताना मधल्या केंद्रातून थोड्या दिवसांच्या गोळ्या घेता येतात. ओळखपत्र विचारतात, पण ते नाही म्हणून गोळ्या नाकारायच्या नाहीत असं धोरण आहे. नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र असेल तर तेच दाखवावं, म्हणजे नाव एकदाच आणि खरं लागतं. विजापूरकडून रस्त्याच्या कामाला आलेल्या किंवा लोटेच्या एमआयडीसीत राबणाऱ्या झारखंडच्या माणसाला या क्रमांकाचा खरा उपयोग आहे. तो गावी गेला तरी नोंद त्याच्याबरोबर जाते. नेपाळच्या माणसाची नोंद मात्र सरहद्दीवर थांबते. पलीकडे नवीन देश, नवीन रजिस्टर.

आणि आता सगळ्यात मोठी अडचण, कॅलेंडर. बागेतला माणूस दिवाळीनंतर, मोहोराच्या सुमाराला येतो. फवारणी, राखण, मग काढणी, पेट्या, आणि पावसाच्या तोंडावर परत. बोटीवरच्याला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तो गावी. म्हणजे मे संपला की दोघंही निघतात. आता समजा एकाला एप्रिलमध्ये धोका झाला. लगेच केलेल्या तपासणीत लागण दिसेलच असं नाही. तीन महिन्यांनी परत करायची असते. तीन महिन्यांनी तो अछाम नाहीतर डोटीच्या डोंगरात. समजा मार्चमध्ये पॉझिटिव्ह निघाला. सुरुवातीला थोड्या थोड्या दिवसांच्या गोळ्या देतात, म्हणजे त्रास होतो का ते कळतं. नीट बस्तान बसलं की तीन-तीन महिन्यांच्या मिळतात. पण बस्तान बसायच्या आतच मे उजाडतो. सिफिलिसचं इंजेक्शन घेतलेल्याला पुढच्या महिन्यांत रक्त परत तपासायचं असतं. आणि जोडीदाराला औषध द्यायचं असतं, नाहीतर तोच आजार परत येतो. जोडीदार? दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे, घरी. तिला आपण आजारी आहोत हेच माहीत नाही.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की अडतं भलतीकडेच. हक्क माणसाला दिलेला आहे, व्यवस्था मात्र पत्त्यावर उभी आहे. एका जागी राहणाऱ्या माणसासाठी प्रत्येक पायरी शहाणपणाची आहे. हलणाऱ्या माणसासाठी प्रत्येक पायरीत एक फट आहे.

हे बघताना मला १९९६ सालची मुंबई आठवली. म्हणजे वाचलेली, मी तेव्हा जन्मलोही नसेन. त्या वर्षी फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यात छापे पडले, चारशेहून अधिक मुली-बायका सोडवल्या, त्यात दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. त्यांना सरकारी वसतिगृहांत ठेवलं. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं. एड्स घेऊन येतील ही भीती होती. अखेर काही महिन्यांनी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी सव्वाशेच्या आसपास मुलींना परत नेलं. त्यातल्याच काहींनी त्याच वर्षी काठमांडूत ‘शक्ती समूह’ ही संस्था काढली, आणि २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी पश्चिम नेपाळच्या डोंगरात एचआयव्हीला ‘बंबईचा रोग’ म्हणायचे. आणि इकडच्या लोकांच्या मते तो नेपाळी मुलींनी आणलेला! दोन्हीकडे आजार दुसऱ्याच गावचा.

दुसऱ्या देशांनी यावर काय केलं? एकच उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये गुप्तरोगांचे उपचार सगळ्यांना मोफत होतेच, पण एचआयव्हीच्या उपचारांसाठी काही परदेशी लोकांना पैसे पडायचे. १ ऑक्टोबर २०१२ पासून तेही बंद केलं. कागदपत्रं असोत-नसोत, उपचार मोफत. कारण दयेचं कमी, हिशोबाचं जास्त : उपचार न झालेल्या माणसाकडून आजार पुढे जातो, आणि विषाणू पासपोर्ट बघत नाही.

बायकांबद्दल थोडं. आता बरेच नेपाळी जोडीने येतात, मांगरात राहतात. गरोदर बाईची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, बाळंतपणही मोफत. रोख पैशाच्या योजनांना मात्र आधार आणि बँक खातं लागतं, तिथे ती अडते. गोंधळ असा होतो की पैसे मिळत नाहीत म्हणजे तपासणीही नाही, असं समजून ती जातच नाही. आशाताईंनी हा फरक नीट सांगितला तर फार मोठं काम होईल. पाळणा लांबवायला ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन सरकारी केंद्रात मिळतं, दर तीन महिन्यांनी. तेच औषध नेपाळच्या सरकारी केंद्रांतही आहे, तेव्हा हंगाम बदलला तरी ते चालू राहू शकतं. फक्त तारीख लिहिलेलं कार्ड बरोबर हवं.

तर आपल्या बागायतदार श्रोत्यांना माझं सांगणं असं. त्याला सुरक्षा क्लिनिकला पाठवा, हजेरी कापू नका, कारण विचारू नका. सोबत गेलात तर बाहेर बसा. नंबर त्याचाच लिहू दे. आणि हे सगळं एप्रिलच्या आत करा, काढणीच्या घाईत कोणालाच वेळ नसतो. गोळ्या सुरू झाल्याच, तर गावी निघायच्या पंधरा दिवस आधी त्याने केंद्रात सांगायला हवं की मी जातोय. बदलीचं पत्र मिळतं, गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या ते बघतात. नेपाळमध्येही या गोळ्या २००४ पासून मोफत आहेत. कुठली गोळी, कधीपासून, शेवटचा रिपोर्ट काय, एवढं असलेला कागद त्याच्या खिशात असला की तिकडच्या डॉक्टरला पुढे चालू करता येतं. त्या कागदाचा फोटो त्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवावा. तुमच्या मोबाइलमध्ये नको.

चला, थांबतो. घाटात वीज गेली की आमच्याकडे पोफळीतही जाते, वीजघराच्या गावात! बॅटरी संपत आलीय. १०९७ लिहून ठेवा, भेटू पुढच्या भागात.